बॅटन कोणाच्या हातून पडले

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभूच्या नावात सलाम.

हे पत्र मी आपल्या हातात आणून दिले असते तरी चालले असते. परंतु ज्या गोष्टीबद्दल आपले आभार मानायचे आहेत, त्या गोष्टीविषयी मी चारचौघांत गप्प बसलो होतो; म्हणून आभारही चारचौघांतच मानावेत असे ठरवले.

चार गुणिले शंभर मीटर रिलेच्या अंतिम फेरीत शेवटचा टप्पा माझ्याकडे होता. येणाऱ्या सहकाऱ्याचा पाय ट्रॅकवर चिकटवलेल्या खुणेच्या पट्टीवर पडला की सुटायचे, मग मागे वळून न पाहता वेग घ्यायचा आणि त्याची हाक कानावर आली की हात मागे करायचा, असा आमचा शिरस्ता होता. ही बॅटनची, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या हाती द्यायच्या नळीची, देवघेव 30 मीटरच्या आखलेल्या टप्प्यातच पुरी व्हावी लागते. तो टप्पा ओलांडून बॅटन हाती आले तर संघ बाद होतो. त्या दिवशी शेजारच्या लेनमधला धावपटू हलला, मला धीर धरवला नाही आणि मी दोन पावले आधी सुटलो. मला गाठण्यासाठी माझा सहकारी जिवाच्या आकांताने झेपावला. बॅटनचे टोक माझ्या बोटांना लागले, निसटले, ट्रॅकवर दोनदा उसळले आणि शेजारच्या लेनमध्ये घरंगळत गेले. जेमतेम 30 सेंटिमीटरची ती पोकळ नळी. तिच्यासाठी चौघांनी अख्खा मोसम घाम गाळला होता.

पाहणाऱ्यांना दिसले ते इतकेच, की बॅटन तिसऱ्या धावपटूच्या हातून सुटले. सगळे त्याच्यावर घसरले. मी मान खाली घालून उभा होतो, आणि लोकांना तो माझा समजूतदारपणा वाटला.

आपण दुसऱ्या दिवशी भेटायला आलात. तोवर माझ्याकडे बरेच सांत्वन जमा झाले होते. देवाची यात काहीतरी योजना असेल, असे सांगणारे होते. पुढच्या वर्षी तो दुप्पट देईल, असे सांगणारेही होते. आपण यांपैकी काहीच बोलला नाहीत, याबद्दल मी आपला पहिला ऋणी आहे. मीच उलट आपल्याशी वाद घातला. एरिक लिडेलचे उदाहरण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो: 1924च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली म्हणून त्याने ती शर्यत सोडली आणि पुढे 400 मीटरमध्ये 47.6 सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. मीही उपासना चुकवली नव्हती, मीही शर्यतीआधी गुडघे टेकले होते, मग माझ्याच वाट्याला हे का, असे मी आपल्याला तावातावाने विचारले.

आपण शांतपणे म्हणालात, ‘‘ते पदक देवाने दिलेले बक्षीस असेल, तर 1945 साल कोणत्या खात्यात मांडशील?’’ मिशनरी म्हणून चीनमध्ये गेलेला तोच लिडेल त्या वर्षी वेइशियनच्या जपानी नजरबंदी छावणीत मेंदूतील गाठीने वारला. वय अवघे 43 होते, आणि तोवर तो छावणीतल्या मुलांना शिकवत होता, त्यांचे खेळ घेत होता. मी ही गोष्ट नेहमी पदकापाशीच थांबवत आलो होतो. देवाशी माझा चक्क व्यवहार चालला होता, इतक्या प्रार्थनांना इतके यश असा, हे मला त्या वेळी पहिल्यांदा उमगले. आणि खरे सांगायचे तर मला त्याचा रागही आला.

मग आपण पौलाकडे, म्हणजे नव्या करारातली पत्रे लिहिणाऱ्या प्रेषिताकडे, वळलात. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत, तिथे विजेत्याला पाइनचा नाहीतर चक्क वाळलेल्या सेलरीचा मुकुट मिळे, म्हणून करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातला नाशवंत मुकुटाचा दाखला त्यांना वेगळा समजावून सांगावा लागला नसेल, असे आपण म्हणालात. शर्यतीत बक्षीस एकालाच मिळते, हे पौल तिथे मान्य करतो. पण तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात धाव संपवली आहे एवढेच तो सांगतो, कितवा आलो ते सांगत नाही, आणि पुढचा मुकुट मात्र एकट्याला मिळणार नाही असे म्हणतो. हे मला पटले. तरी त्याने मन काही शांत झाले नाही, कारण माझे दुखणे निराळे होते.

ते आपण ओळखले. निघताना दारात थांबून आपण विचारलेत, ‘‘तुला हरल्याचेच दुःख आहे, की आणखी कशाचे?’’

मी सगळे सांगितले. दोन पावले आधी सुटल्याचे सांगितले, गप्प बसल्याचेही सांगितले. आपण परत आत येऊन बसलात आणि योहानाच्या शुभवर्तमानातले दोन विस्तव दाखवलेत. एक मुख्य याजकाच्या अंगणातला. तिथे शेकत उभ्या असलेल्या पेत्राने, येशूच्याच शिष्याने, आपण त्याचे नाही असे सांगून येशूला नाकारले. दुसरा तिबिर्याच्या समुद्राच्या काठावरचा. रात्रभर जाळी टाकूनही काही न मिळालेल्या शिष्यांसाठी तो पुनरुत्थित प्रभूने पेटवला होता आणि त्यावर मासळी ठेवली होती. कोळशांच्या विस्तवासाठी वापरलेला मूळ ग्रीक शब्द साऱ्या नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो, हे आपल्याकडूनच कळले. पेत्राला तो वास ओळखीचा वाटला असणारच. येशूने आधी त्याला खाऊ घातले, मग तीनदा एकच प्रश्न विचारला, माझ्यावर प्रीती करतोस काय. आणि ‘तू असे का केलेस’ हे एकदाही विचारले नाही. आजवर मी हा अध्याय अनेकदा वाचला होता, पण त्यात बसायला माझ्यासाठी जागा आहे असे कधी वाटले नव्हते. त्या रात्री पहिल्यांदाच मी काहीही न मागता प्रार्थना केली.

दोन दिवसांनी, आपल्या सांगण्यावरून, मी सहकाऱ्याकडे गेलो. वाटेत वाक्ये जुळवली होती, ती दारातच विसरलो आणि नुसते म्हणालो, ‘‘चूक माझी होती.’’

तो म्हणाला, ‘‘माहीत आहे. माझा पाय पट्टीवर पडला तेव्हा तू पुढे गेलेला होतास.’’

मग इतके बोलणे निमूट का ऐकून घेतलेस, असे मी विचारले. तो म्हणाला, ‘‘तू सांगशील असे वाटत होते.’’ तो आपल्या मंडळीतला नाही, उपासनेला येत नाही. पण आपण ज्याला कृपा म्हणता ती मी त्याच्या दारात उभा राहून पाहिली, आणि आपण पाठवले नसते तर पाहिली नसती. त्याच संध्याकाळी मी उरलेल्या दोघांना व प्रशिक्षकांना खरे काय ते सांगितले. प्रशिक्षक बराच वेळ रागावले, ते योग्यच होते.

निकालपत्रकात आमच्या संघापुढे आजही ‘बाद’ असेच लिहिलेले आहे, आणि ते बदलावे अशी प्रार्थना मी आता करत नाही. सोमवारपासून आमचा सराव पुन्हा सुरू झाला आहे. खुणेची पट्टी सहकारी मोजून चिकटवतो आणि मी तिच्यावर त्याचा पाय पडेपर्यंत थांबतो. आपल्याला सवड झाली, तर एखाद्या सकाळी पाहायला यावे.

आपला कृतज्ञ,
रिलेमधला चौथा धावपटू