ब्रुसेल्समध्येही एकाचा पायपोस एकात नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

युरोपच्या परराष्ट्र धोरणावरील अग्रलेखात सारा दोष २७ सदस्य देशांच्या मतभेदांना दिला आहे. तो अर्धाच खरा. युरोपीय संघाचा कारभार चालवणाऱ्या युरोपीय आयोगाच्या एकाच छताखालची दोन खाती उलटसुलट बोलतात, तेव्हा कोणत्या देशाच्या नकाराधिकाराला बोल लावायचा?

९ ऑक्टोबर २०२३ आठवा. हमासच्या हल्ल्याला दोनच दिवस झाले होते. शेजारी देशांचे खाते सांभाळणारे आयुक्त ओलिव्हेर वारहेई यांनी ‘एक्स’वर जाहीर करून टाकले, की पॅलेस्टिनींना द्यायचे सगळे पैसे तत्काळ थांबवले आहेत, ६९.१ कोटी युरोंच्या प्रकल्पांची फेरतपासणी होणार. मानवतावादी मदतीचे आयुक्त यानेझ लेनार्चिच म्हणाले, मदत चालूच राहील. त्याच दिवशी आयोगाचा खुलासा आला : तपासणी होईल, पण पैसे थांबवलेले नाहीत, कारण तूर्त काही द्यायचेच नव्हते! परराष्ट्र व्यवहाराचे उच्च प्रतिनिधी जोसेप बोरेल यांनाही सारवासारव करावी लागली.

हे टाळण्यासाठीच तर संघाच्या लिस्बन कराराने उच्च प्रतिनिधीला आयोगाचे उपाध्यक्षपदही दिले. २०१९ मध्ये आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायेन यांनी आयुक्तांच्या बैठकीपूर्वी प्रत्येक विषयाची परराष्ट्रीय बाजू तपासायला ‘एक्सको’ हा गट नेमला. पण गटापुढे येते ते कुणीतरी आणलेलेच. जानेवारी २०२१ मध्ये लसनिर्यातीवर नियंत्रण आणताना आयोगाने उत्तर आयर्लंड प्रोटोकॉलचे, म्हणजे ब्रेक्झिटनंतर आयर्लंडची सीमा खुली ठेवणाऱ्या कराराचे, कलम १६ (करारातील तरतुदी एकतर्फी बाजूला ठेवण्याची मुभा) वापरायचा मसुदा काढला. डब्लिनला, म्हणजे आयर्लंडच्या सरकारला, विचारलेच नव्हते. काही तासांत माघार. हा गट तेव्हाही होता.

म्हणून आणखी एक समिती नको. परदेशी मदत, निर्बंध वा निर्यात यांवर उच्च प्रतिनिधीच्या सहीशिवाय कोणत्याही आयुक्ताने घोषणा करू नये, एवढा नियम पुरे. आयुक्तांना तो रुचणार नाही, हे उघडच आहे.

आपल्यालाही यात रस हवा. भारताची मुक्त व्यापाराची बोलणी झाली ती व्यापार खात्याशी, आयात पोलादावरच्या कार्बन आकारणीची फाइल मात्र कर व सीमाशुल्क खात्यात. २०१४ मध्ये फळमाशी सापडल्यामुळे हापूससह भारतीय आंब्यांवर बंदी आली (माशी होती, हे मान्य), ती आरोग्य खात्याच्या वाटेने. दिल्लीहून जाणाऱ्या शिष्टमंडळांनी केवळ व्यापार खात्याचा चहा पिऊन परतू नये.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी