रानात खलनायक कशाला हवा?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही एका रहस्यकादंबरीचं परीक्षण छापलंत. पाच जुने मित्र चार दिवसांच्या पदभ्रमणाला रानात शिरतात, वाट चुकतात आणि एकेक करून कमी होत जातात, अशी ती गोष्ट. परीक्षकांनी तिच्यातल्या खुनी पाठलाग्याचं तोंड भरून कौतुक केलं आहे. मी कादंबरी लगेच मिळवून वाचली आणि मला नेमका तोच माणूस नकोसा झाला. पुस्तकाचं नाव मी पुन्हा घेत नाही, कारण तक्रार एका लेखकापुरती नाही. या पठडीतल्या बहुतेक कादंबऱ्यांचं हेच होतं.

मी भूगोल शिकवत असे. आता निवृत्त आहे. रहस्यकथा वाचते आणि गुडघे परवानगी देतील तेवढी डोंगरांत चालते. त्यामुळे असलं पुस्तक हातात आलं की दुसऱ्या हातात पेन्सिल येते. या पाच जणांची वाट लेखकानंच १४ किलोमीटरची सांगितली आहे, चढ १,२०० मीटरचा. सकाळी नऊला निघून ते साडेअकराला खिंडीत हजर! नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक ढोबळ हिशेब मांडला होता, तो आजही वापरतात. चालीला दर पाच किलोमीटरमागे एक तास, आणि वर चढायचं असेल तर दर ६०० मीटरला आणखी एक तास. म्हणजे या वाटेला जवळजवळ पाच तास, तेही कुठे न टेकता. आमच्या मंडळींनी पाठीवर चार दिवसांचा शिधा घेऊन ती अडीच तासांत संपवली, आणि मध्ये एक कडाक्याचं भांडण व एक प्रेमाची कबुलीसुद्धा उरकली.

हे मास्तरीण बाईंचं खुसपट काढणं आहे असं कोणी म्हणेल. पण लेखकानं हा हिशेब केला असता तर त्याला आयतं कथानक मिळालं असतं. ही मंडळी खिंडीत दोन-अडीचला पोचली असती. पलीकडचा उतार तिन्हीसांजेला लागला असता. पाणी संपलेलं, टॉर्च सॅकच्या तळाशी, आणि दुपारीच मागे फिरायला हवं होतं हे पाचही जणांना ठाऊक, पण बोलायला कुणी तयार नाही. एवढं असताना झाडाआड कुऱ्हाडवाला कशाला उभा करायचा?

मित्रांच्या गटात ‘परत फिरूया’ हे शब्द कोण उच्चारणार, यात मला सगळ्यात जास्त रहस्य वाटतं. ज्यानं सहल ठरवली तो बोलणार नाही. जिनं मिनतवारीनं रजा मिळवली ती बोलणार नाही. ज्याच्या टाचेला फोड आलाय तो तर मुळीच नाही, कारण कॉलेजपासून त्याला नाजूक म्हणून चिडवलेलं असतं. जेरी हार्वी या व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकानं १९७४ मध्ये टेक्ससमधल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगितली होती. भर उन्हात ते सगळे दूरच्या ॲबिलीन गावी जेवायला गेले, हाल करून घेतले, आणि परत आल्यावर कळलं की जायचं कुणालाच नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, बाकीच्यांना जायचंय. तिथे एक दुपार वाया गेली. डोंगरात याच संकोचाचे काय परिणाम होतील ते लेखकांनी लिहावं ना! अनोळखी माणसांचा गट एक वेळ स्पष्ट बोलेल. वीस वर्षांची मैत्री माणसाला गप्प करते. या कादंबरीत दुसऱ्या दिवशी ढग खाली उतरतात तेव्हा हा प्रसंग अगदी हाताशी आला होता. लेखकानं तो तीन ओळींत उडवला, कारण पुढच्या पानावर पहिलं प्रेत पाडायची त्याला घाई.

खलनायकाची हौस वाचकांनाही असते, हे मला मान्य आहे. द्यातलोव खिंडीचं प्रकरण पाहा. १९५९ च्या जानेवारीत रशियाच्या उरल पर्वतात दहा जण स्कीवरून मोहिमेला निघाले. दुखण्यामुळे एक जण वाटेतूनच मागे फिरला. उरलेले नऊही दगावले. तंबू आतून फाडलेला, पावलं उताराखालच्या झाडीकडे गेलेली, आणि त्या बर्फात कित्येकांच्या पायात बूट नाहीत. मग साठ वर्षं लोकांनी त्या उतारावर गुप्त शस्त्रं, हेर, हिममानव, परग्रहवासी अशी सगळी वरात आणून बसवली. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दोन संशोधकांनी गणितानं दाखवलं की तंबूसाठी उतार खणल्यामुळे आणि वाऱ्यानं वरच्या अंगाला बर्फ साचत गेल्यामुळे, काही तासांनी तिथे छोटंसं हिमस्खलन होऊ शकतं. सगळ्यांचं अजून समाधान झालेलं नाही, होणारही नाही. पण मला त्या प्रकरणात सर्वात जास्त हलवून गेलेला तपशील वेगळाच आहे. आधी मेलेल्यांचे कपडे नंतर मेलेल्यांच्या अंगावर सापडले. मित्राच्या अंगातलं गरम कापड काढून घेताना ते एकमेकांशी काय बोलले असतील? आणि जो दहावा आधीच परतला होता, त्यानं पुढचं आयुष्य कसं काढलं असेल? यावर कादंबरी लिहायला परग्रहवासी लागत नाहीत.

मोबाइलचं तर बोलायलाच नको. प्रत्येक कादंबरीत पन्नासाव्या पानाच्या आत नेटवर्क जातं, आणि त्यासरशी जीपीएसही बंद पडतं. जीपीएस थेट उपग्रहांचे संकेत ऐकतं. त्याला नेटवर्क लागत नाही, नकाशा तेवढा आधी उतरवून ठेवलेला हवा. २०२२ नंतर तर काही फोन नेटवर्कशिवाय उपग्रहामार्फत मदतीचा संदेशही पाठवतात. फोन निकामीच करायचा असेल तर थंडीत बॅटरी मान टाकते, अरुंद घळीत आकाश दिसत नाही, अशी खरी कारणं आहेत की! तसंच ‘ओढ्याच्या कडेनं खाली उतरत राहा, गाव लागेलच’ हा सल्ला. तीव्र उताराच्या डोंगरात ओढा बहुतेक वेळा धबधब्याच्या माथ्यावर नेऊन सोडतो, जिथून खालीही जाता येत नाही आणि निसरड्या दगडांवरून परत वरही चढता येत नाही. आमच्या नायकाला मात्र गाव लागलं.

कादंबरीत एक प्रकरण फार चांगलं आहे, तेही सांगायला हवं. परीक्षणात त्याचा उल्लेखही नाही. धुक्यात तीन तास चालून हे पाच जण आपल्याच सकाळच्या मुक्कामापाशी येतात. विझलेली राख, चपटं झालेलं गवत. क्षणभर त्यांना वाटतं, दुसरंच कुणीतरी इथे राहून गेलंय. हा प्रसंग अतिरंजित वाटेल, पण नाही. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना जंगलात आणि वाळवंटात नाकासमोर सरळ चालायला सांगितलं होतं. सूर्य दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ गेली. जंगलात आभाळ भरलेलं असताना चाललेली मात्र गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडत राहिली, आणि त्यांना पत्ताही नव्हता. कादंबरीतल्या राखेपाशी जे भांडण पेटतं, त्यात पुढे चालणाऱ्यावर मुद्दाम चुकवल्याचा आरोप होतो आणि जुनी उधारी, जुना मत्सर सगळं वर येतं. ते पंधरा पानांचं भांडण मी दोनदा वाचलं. त्या पानांत खुनी कुठेच नाही.

आता नववं प्रकरण. पावसात भिजलेला एक मित्र वाऱ्यात कुडकुडतो आहे, जीभ अडखळते आहे, त्याला स्वतःच्या जॅकेटची चेनही ओढता येत नाही. इथवर वर्णन अचूक आहे. त्यासाठी बर्फ लागत नाही. ओले कपडे आणि वारा असेल तर पाच-दहा अंश तापमानातही शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली उतरू शकतं. मग मैत्रीण त्याला ब्रँडी पाजते, थोड्या वेळानं त्याची थरथर थांबते, आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकून खुन्याच्या शोधाला लागतात. लेखकसुद्धा त्यांच्याबरोबर निःश्वास टाकतो, हे पाहून मी पेन्सिल खाली ठेवली. त्या अवस्थेतल्या माणसाची थरथर ऊब मिळाल्याशिवायच थांबली, तर त्याचा अर्थ बहुधा उलटा असतो: शरीरानं उष्णता तयार करायची धडपड सोडलेली असते. याच्या पुढच्या टप्प्यावर काही माणसं उकडतंय म्हणत अंगावरचे कपडे काढू लागतात. ‘थांबली बघ थरथर, आता बरा आहे तो’ हे वाक्य कादंबरीतलं सर्वात भयंकर वाक्य ठरू शकलं असतं. एका मैत्रिणीला शंका यायला हवी होती, आणि बाकीच्यांनी तिला ‘उगाच घाबरवू नकोस’ म्हणून गप्प बसवायला हवं होतं. खुन्याला तिथून पुढे काही कामच उरलं नसतं.

प्रकाशक हे पत्र वाचत असतील तर एक विनंती. दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा खुनी हवा तर राहू द्या, पण नवव्या प्रकरणातली ब्रँडी काढून टाका. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. माणसाला ऊब आल्यासारखं वाटतं आणि आतली उष्णता बाहेर जाते. त्याऐवजी मैत्रिणीनं त्याला आडोशाला न्यावं, ओले कपडे उतरवावेत, कोरडे घालून स्लीपिंग बॅगेत गुंडाळावं, शुद्धीवर असेल तर गोड, गरम पाणी घोटघोट द्यावं, आणि मदत येईपर्यंत त्याला एकटं सोडू नये. एवढ्या बदलाला एक पान पुरेल.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका