खडकावरची हिरवी साय

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावला, कान पकडतो. तू विचारलं होतंस, पावसाच्या पाण्याबरोबर शेतातलं खत समुद्रात गेलं की शेवाळ वाढणार, मग ते खाणाऱ्यांची चंगळच ना? मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं.

मग ती अतिवृष्टी झाली. ओहोटीला खडकांवर जाऊन डबक्यातली क्षारता (हजार भाग पाण्यात किती भाग क्षार) मोजली, तर आकडा 11! एरवी 35च्या आसपास असतो. उपकरण बिघडलं म्हणून चरफडलो, शुद्ध पाण्याचा थेंब टाकून पाहिला, तर बरोबर शून्य. उपकरण शहाणं होतं. गोडं पाणी हलकं, ते वरच तरंगतं. त्यामुळे पहिला मार उथळातल्यांना.

तिथे माझी एक जुनी ओळख आहे, टोपीसारख्या शंखाची गोगलगाय, लिंपेट. खडकावर तिची ठरलेली जागा आहे, शंखाच्या कडेला नेमकी बसणारी. चरून झालं की परत तिथेच. भोवतालचा खडक कायम साफ. तिच्या दातांत गोएथाइट हे लोहखनिज असतं, आणि 2015 साली ते दात तोवर माहीत असलेल्या जैविक पदार्थांत सर्वांत मजबूत ठरले. पण गोडं पाणी आलं की दात काय कामाचे! ती शंख खडकाला दाबून बसली. चरणं बंद. काही दिवसांत त्या साफ खडकावर हिरवी साय धरली, पुढे ती चिमटीत येण्याइतकी वाढली.

हे अल्वा नावाचं हिरवं शेवाळ. जेमतेम दोन पेशींच्या जाडीचं पान, नायट्रोजन भराभर शोषणारं, कमी क्षारताही सोसणारं. तपकिरी शेवाळं सावकाश वाढतात, त्यांना उजेड हवा आणि पाणी तर गढूळ. स्वीडनच्या किनाऱ्यालगत पोषकद्रव्यांनी पाणी धूसर झालं तेव्हा 1940च्या दशकात 11.5 मीटर खोलीपर्यंत सापडणारं फ्युकस हे तपकिरी शेवाळ 1984 पर्यंत 8.5 मीटरवर आलं. शिवाय गाळ खडकावर बसला की शेवाळाच्या बीजाणूंना पकड मिळत नाही, आणि लिंपेटलाही नाही.

शेवाळ खाणाऱ्या काटेरी, गोल सी-अर्चिनची गत आणखी वाईट. त्यांना शरीरातले क्षार सांभाळता येत नाहीत, शंखही नाही मिटून घ्यायला. ते मेले की ते खात असलेल्या केल्पला, म्हणजे मोठ्या तपकिरी शेवाळाला, उसंत मिळते. म्हणजे एकाचं मरण दुसऱ्याच्या पथ्यावर. तुझ्या प्रश्नाला सरळ उत्तर नाही ते यामुळेच.

मला खरी धास्ती पावसाच्या लयीची वाटते. हवा 1 अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं, मग कोसळतो तो एकदम. मधल्या कोरड्या दिवसांत जमिनीवर साठलेलं सगळं एका दमात वाहून येतं. एक लोंढा लिंपेट झेलते. पण वाढलेलं शेवाळ फस्त करायला तिला मध्ये उघडीप हवी.

काल त्या हिरव्या सायीत नखाएवढ्या रुंदीचा नागमोडी ओरखडा दिसला. इतका आनंद झाला की काय सांगू! आज पुन्हा आभाळ भरून आलंय, म्हणून पत्र इथेच थांबवतो आणि खडकाकडे पळतो.

तुझाच,
खडकावरचा मित्र