‘एक मैदान’ नव्हे, एअरसम पार्क

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला फुटबॉल विश्वचषकातील धक्कादायक निकालांवरचा लेख वाचला. यंदाचा अंतिम सामना १९ जुलैला आहे. उत्तर कोरियाने इटलीला १-० असे हरवले तोही १९ जुलैच, १९६६ चा. म्हणजे बरोबर ६० वर्षे. लेखात मात्र तो सामना ‘इंग्लंडमधील एका मैदानावर’ झाला, एवढ्यावरच भागवले आहे. त्या मैदानाला नाव होते: मिडल्सब्रोचे एअरसम पार्क. आणि गोल करणारा पाक दू-इक दंतवैद्य नव्हता. ती त्या वेळच्या वर्तमानपत्रांनी उठवलेली आवई. तो लष्करात होता.

मिडल्सब्रो हे नाव मी फुटबॉल कळायच्या आधी वाचले, लालबागच्या आमच्या चाळीत. गॅलरीखालच्या गर्डरांवर उठावाच्या इंग्रजी अक्षरांत ‘डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो’ असे होते. सिडनीच्या बंदरावरचा कमानीचा पूल बांधणारी हीच कंपनी. १८०१ साली मिडल्सब्रोत पंचवीसेक माणसांची वस्ती होती. पुढे लोखंडाने अख्खे शहर उभे केले. १९०३ मध्ये त्या शहराला एअरसम पार्क मिळाले. आराखडा आर्चिबाल्ड लीच यांचा. गंमत म्हणजे (गंमत कसली!) आदल्याच वर्षी ग्लासगोत त्यांच्या आराखड्याचा लाकडी सज्जा मोडून २५ प्रेक्षक मेले होते. १९०५ मध्ये मिडल्सब्रोच्या क्लबने आल्फ कॉमनसाठी हजार पौंड मोजले. एका खेळाडूसाठी तेवढी रक्कम त्याआधी कोणीच दिली नव्हती.

१९६६ मध्ये सामने खरे तर न्यूकॅसलला व्हायचे होते. तिथल्या मैदानाच्या भाडेपट्ट्यावरून क्लब आणि नगरपालिकेत वाद झाला, म्हणून ते इथे आले. आले तेही अशा वेळी, की घरचा संघ नुकताच इतिहासात पहिल्यांदा तिसऱ्या श्रेणीत घसरला होता. समोर कोरियाचे चणीने लहान, पण दम न सोडणारे खेळाडू, आणि अंगात लाल जर्सी, मिडल्सब्रोचाच रंग. ज्या देशाला ब्रिटनची राजनैतिक मान्यतादेखील नव्हती, त्याच्या संघाला पोलाद कारखान्यांच्या त्या गावाने आपले मानले. इटलीचा बुल्गारेल्ली जखमी होऊन बाहेर गेला, त्या काळी बदली खेळाडू नसे, हे खरे; पण म्हणून त्या गोलाला नशीब म्हणणे मला पटत नाही. पोर्तुगालविरुद्धच्या पुढच्या सामन्याला मिडल्सब्रोची माणसे कोरियासाठी लिव्हरपूलपर्यंत गेली. तिथे कोरियाच्या ३-० अशा आघाडीनंतर पोर्तुगालच्या युसेबिओने चार गोल केले आणि सामना ५-३ असा फिरला. २००२ मध्ये त्या संघातले हयात खेळाडू मिडल्सब्रोला पुन्हा आले, तेव्हा लोकांनी त्यांचे घरच्या माणसांसारखे स्वागत केले.

एअरसम पार्कवर शेवटचा लीग सामना १९९५ मध्ये झाला. क्लब नदीकाठच्या नव्या स्टेडियममध्ये गेला, जुने पाडले गेले आणि तिथे घरे झाली. पण ज्या जागेवरून पाक दू-इकने चेंडू मारला, तिथे एका घरासमोरच्या हिरवळीत बुटाच्या खिळ्यांचे ठसे असलेला ब्राँझचा छोटा तुकडा बसवला आहे. पाटी नाही, पुतळा नाही. माहीत नसेल तर माणूस ओलांडून जाईल.

त्या भागातली पोलादाची भट्टीही २०१५ मध्ये विझली. मधली काही वर्षे ती टाटांच्या मालकीची होती, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नाही.

आमची चाळ पुनर्विकासात गेली. गर्डर कापून ट्रकमध्ये भरले जात असताना मी समोरच्या फुटपाथवर चहा पीत उभा होतो. अक्षरांचा हातभर तुकडा मागून घ्यावा, हे मलाही सुचले नाही.

आपला,
एक जुना वाचक, लालबाग