बुद्ध सर्किट असं पडून का राहावं?

संपादक साहेब, नमस्कार.

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किट या रेसिंग ट्रॅकवर 2011 ते 2013 अशी सलग तीन वर्षं फॉर्म्युला वन ही कारची रेस झाली, तिन्ही वेळा जर्मन ड्रायव्हर वेटेल जिंकला आणि मग टॅक्सच्या वादात सगळं बंदच पडलं. नंतर थेट 2023 मध्ये मोटोजीपी ही बाइकची रेस आली तेव्हा आम्ही फोंड्यात सगळे मित्र टीव्हीसमोर बसलो होतो, इटलीचा रायडर बेझेक्की काय पळवत होता! 5.125 किलोमीटरचा इतका भारी ट्रॅक, त्यात गाडी घसरली तरी बाहेर मोकळी जागा असते, रायडर बहुतेक वेळा उठून चालायला लागतो. आमच्याकडे पोरं रात्री हायवेवर बाइक पळवतात तिथे समोर ट्रक असतो हो. सरकारने हे सर्किट नियमित चालवावं आणि गोव्यातही पोरांसाठी छोटा का होईना ट्रॅक द्यावा, प्लीज.

- एक वाचक, फोंडा