फॉर्म भरायच्या आधी वाचा: पात्र असणं म्हणजे नक्की काय

सगळ्या मेंबर्सना नमस्कार, एखाद्या सरकारी योजनेसाठी पात्र आहात म्हणजे लाभ आपोआप सुरू झाला असं नाही, अर्ज करावा लागतो, तो मंजूर व्हावा लागतो आणि जिथे निधी मर्यादित असतो तिथे पात्र असूनही वेटिंग लिस्टमध्ये थांबावं लागतं. सगळ्यात जास्त गोंधळ उत्पन्नाच्या रकान्यात होतो, बरेचजण फक्त स्वतःचा पगार टाकतात पण नियमात "कुटुंबाचं उत्पन्न" असेल तर घरात कमावणाऱ्या बाकीच्यांचं पण धरावं लागतं, आणि कुटुंबात कोणकोण मोजायचं हे प्रत्येक योजनेत वेगळं असतं म्हणून ती व्याख्या आधी बघा. वय पण बऱ्याचदा आजचं नाही, ठरलेल्या तारखेला किती होतं ते बघतात. शेजाऱ्याला मिळालं म्हणून आपल्यालाही मिळणारच हे डोक्यातून काढा प्लीज. नाव सगळ्या कागदांवर सारखं ठेवा, स्पेलिंगच्या एका अक्षरावरून पण अर्ज अडकतो.

आणि हो, एकदा पात्र झालो म्हणजे कायमचे पात्र असं नसतं, नोकरी लागली, लग्न झालं, पत्ता बदलला तर लगेच कळवा, नाहीतर घेतलेले पैसे परत मागू शकतात. नामंजूर झालं तर कारण लेखी मागा आणि अपीलची मुदत विचारून घ्या.