प्रिय श्रीधर, घर अडलं होतं ते या कागदापायी

रेडिंग, इंग्लंड

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

दर फोनला तू विचारतोस, "घर विकलं का रे?" आणि मी "कागदावर अडलंय" म्हणून विषय बदलतो. आज सगळं लिहितो. सातबाऱ्यावरच्या एका नावासाठी तू तलाठ्याकडे किती खेटे घातलेस ते मला माहीत आहे, म्हणून तुलाच सांगावंसं वाटतं.

इथे घर गरम ठेवायला गॅसचा बॉयलर असतो. आमचा २०१३ साली बदलला. २००५ पासून इथला नियम असा, की नवा बॉयलर बसला की त्याची नोंद कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, व्हायला हवी. 'गॅस सेफ' या गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीत नाव असलेला कारागीर ती ३० दिवसांत करतो आणि मग पोस्टाने दाखला येतो. आमच्या माणसाने ती केलीच नाही.

घेणाऱ्यांच्या वकिलाने दाखला मागितला तेव्हा फायली उपसल्या. बॉयलरचं माहितीपुस्तक तेवढं सापडलं. त्याच्या मागच्या पानांवर बसवणाऱ्याने गॅसचा दाब, तारीख, सही भरायची असते. सगळे रकाने कोरे. पोटात गोळाच आला. नोंद असती तर थोड्या पैशांत नक्कल मिळाली असती, पण गॅस सेफकडे आमच्या पत्त्यावर काहीच नव्हतं.

आमची वकील म्हणाली, "कौन्सिलला फोन करू नका, मग विमा मिळणार नाही." विमा म्हणजे उद्या कौन्सिलने कारवाई केली तर घेणाऱ्याचं नुकसान भरून देणारी पॉलिसी. पैसे एकदाच भरायचे. पुष्कळ जण तेवढ्यावर भागवतात. मला ते पटेना. पॉलिसी देणारा बॉयलर बघायला येत नाही. घेणाऱ्यांचं बाळ सात महिन्यांचं आहे, आणि बिघडलेल्या बॉयलरमधून येणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पॉलिसी काढली, पण नोंदणी असलेला दुसरा इंजिनिअरही बोलावला. त्याने यंत्राची नळी धुराड्यात घातली आणि पडद्यावर आकडे हलू लागले. त्याच भिंतीपलीकडे आमची ईशा अकरा वर्षं झोपलीय रे. आकडे ठीक आले. मी नुसता बेसिनपाशी जाऊन उभा राहिलो.

शुक्रवारी किल्ल्या देतोय. तुझा पुतण्या मँचेस्टरला घर बघतोय ना, त्याला सांग, बॉयलरचा दाखला पहिल्याच आठवड्यात मागून घे. तपासणीचा कागद मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॉयलरशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवलाय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय